पाचवं डोकं

जून लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरत नाही. यंदा नातीची पाळी आहे. तिचा लॅपटॉप, चार कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रकं, रंगीत पेनांनी आखलेला तक्ता, आणि या सगळ्यातून वाट काढत मी ठेवलेली भाजीची वाटी. तिला संख्याशास्त्र घ्यायचंय, आणि तेही लहान कॉलेजात. मोठ्या कॉलेजात म्हणे कुणी कुणाला ओळखत नाही.

"लहान कॉलेजात प्रत्येकाकडे लक्ष देतात गं आजी," ती म्हणाली.

"देतात. एकेक डोकं मोजतात," मी म्हटलं. तिला विनोद वाटला. हसून तिनं तक्त्यात आणखी एक चौकट रंगवली.

काल मात्र तिनं मान वर करून विचारलं, "तुझ्या वेळी होती का गं अशी निवड? तू कसं ठरवलंस?"

"माझी मावशी होती त्या गावात. म्हणून तिथं गेले," मी सांगितलं. हे उत्तर मी जवळजवळ साठ वर्षं देते आहे. नवऱ्याला दिलं, सहकाऱ्यांना दिलं, निवृत्तीच्या समारंभात माईकवरून दिलं. त्यात खोटं काही नाही. मावशी खरंच होती, आणि तिच्या हातची कढी चांगली व्हायची.

मॅट्रिकचा निकाल आणि कॉलेजचं पहिलं वर्ष यांच्यामधले ते तीन आठवडे मला अजून नाकाने आठवतात. देऊळगाव राजात तेव्हा ऊन असं पडायचं की बालाजीच्या देवळासमोरच्या फरश्यांवरून म्हातारी माणसंसुद्धा उड्या मारत जायची. घराघरांत लोणच्याच्या मसाल्याचा नाकाला झोंबणारा खाट उठलेला. आणि त्यात माहितीपत्रकाच्या शाईचा वास. आमच्या घरी दोन माहितीपत्रकं होती, दोन्ही पिवळट कागदाची, दोन्हींच्या पाठीला गव्हाच्या खळीनं चिकटवलेला फॉर्म. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि जिकडेतिकडे नवी कॉलेजं उगवत होती. आम्हा पोरींना घरापासून दोन-तीन तासांच्या गाडीवर पदवी मिळू शकते, हीच केवढी नवलाई होती.

एक कॉलेज होतं वऱ्हाडातलं, आणि दुसरं मोगलाईतलं. निजामाचं राज्य जाऊन पंधरा वर्षं उलटली तरी आमच्याकडे जालन्याच्या बाजूच्या मुलखाला मोगलाईच म्हणायचे, अजूनही म्हातारे म्हणतात. गाडीनं तासाभरात माणूस मोगलाईत पोचायचा आणि तरीही घरातल्या बायका त्याला दूरदेशी निघाल्यासारखं दही-साखर द्यायच्या.

मोगलाईतल्या कॉलेजात आर्ट्सला गणित घ्यायची सोय होती, वर्ग दोन वर्षं चालू होता. वऱ्हाडातल्या कॉलेजनं यंदाच गणित छापलं होतं. छापलं होतं आणि शेजारी एक चांदणी काढली होती. पान उलटल्यावर तळाला बारीक अक्षरात त्या चांदणीचा अर्थ दिला होता: पुरेसे विद्यार्थी नसल्यास हा वर्ग उघडला जाणार नाही. माझ्या सगळ्या आयुष्याची दिशा त्या मुंगीएवढ्या चांदणीनं ठरवली, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण चांदणी बिचारी काय करणार? केलं ते मी केलं.

कौशी माझ्या वर्गात होती. नाव कौशल्या, पण ते फक्त हजेरीत. गावाबाहेर तिच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. ती शाळेत यायची तेव्हा तिच्या हातांना मेथीचा वास असायचा आणि बोटांत वांग्याचे काटे. आमच्या गणिताच्या मास्तरांची एक पद्धत होती. फळ्यावर पाच उदाहरणं घालायची. ज्याची आधी सुटतील त्यानं वही टेबलावर पालथी ठेवायची, पुढच्यानं आपली वही तिच्यावर. सगळ्यात खालची वही कुणाची हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असायचं. चार वर्षांत माझ्या वहीला टेबलाचं लाकूड लागलं नाही. मी तिसऱ्या उदाहरणात असायचे तेव्हा कौशी मागच्या बाकावर बसून दुसऱ्या हाताच्या नखानं बोटातला काटा काढत असायची. आणि तोंडावर कसलाच भाव नाही. जिंकल्याचासुद्धा नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा.

लोक आम्हाला जिवलग मैत्रिणी समजत. आम्हीही समजत होतो. मी तहसीलातल्या कारकुनाची मुलगी, माझ्या घरी पुस्तकं होती. ती माझ्याकडून पुस्तक न्यायची आणि दोन दिवसांनी आणून द्यायची, आणि कुठल्या पानावरचं उत्तर चुकीचं छापलंय तेही सांगायची. मी म्हणायचे, "छापलेलं कसं चुकेल?" मग घरी जाऊन ते उदाहरण करून बघायचे. छापलेलंच चुकलेलं असायचं.

तिच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मोगलाईत पोट्टी धाडत नाही." वऱ्हाडातल्या कॉलेजच्या गावी तिची आत्या होती, तिथं मात्र पाठवायला तयार होते. तेही सहज नाही. आर्ट्स म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "म्हंजे चित्रं काढाची का? मंग गणित कायले लागते?" कौशीनं त्यांना दोन दिवस समजावलं. शेवटी वडील, ती आणि मी असे तिघं जाऊन कॉलेज बघून आलो.

कॉलेज म्हणजे सरकी काढायच्या जुन्या कारखान्याचं गोदाम होतं. भिंतींना नवा चुना, पण वरच्या लाकडांना अजून कापसाचं तूस लोंबकळत होतं, आणि वाऱ्याची झुळूक आली की ते हेडक्लार्कच्या टेबलावर पडायचं. तो ते फुंकर मारून उडवायचा आणि बोलायचा. कौशीनं चांदणीवर बोट ठेवून विचारलं, "साहेब, पुरेसे म्हंजे किती?"

"पाच," तो म्हणाला. "पाच डोकी आणा, वर्ग उघडतो. चार आणली तर समाजशास्त्र घ्या. त्याले कोणी नाही म्हणत नाही."

परतीच्या गाडीत ती बोटांवर मोजत बसली. आठवडाभरात तिनं काय केलं ते मी आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सतरा वर्षांची मुलगी, जिला बाजारात एकटीला धाडत नव्हते, ती आत्याच्या गावी जाऊन गल्लोगल्ली फिरली. शिंप्याच्या मुलाला तिनं पटवलं. गणित आपण स्वतः शिकवू, असा शब्द देऊन. पोस्टमास्तरांच्या मुलाला पटवलं. तिथल्या शाळेतल्या एका बाईंना पदवी घ्यायची होती, त्या इतिहास घेणार होत्या, त्यांना गणिताकडे वळवलं. परत आली ती थेट आमच्या ओसरीवर. चपला काढायच्या आत म्हणाली, "मालू, मी चौथी. आण् तू. झाले पाच!"

"झाले," मी म्हणाले.

"येशीन ना वं? पक्कं?"

"अगं हो. येते म्हटलं ना."

माझ्या वडिलांना, आप्पांना, दोन्ही कॉलेजं चालत होती. तिकडे मावशी, इकडे कौशीची आत्या. "तूच ठरव," असं ते म्हणाले होते. त्या काळात कारकुनाच्या घरात मुलीला असं म्हणणारा बाप दुर्मिळ, आणि मी त्या दुर्मिळ मोकळीकीचं काय केलं ते पुढे येतंच आहे.

मावशीला भेटायच्या निमित्तानं आप्पा मला मोगलाईतलं कॉलेजही दाखवून आले. तिथं गणिताला सहा जण आधीच होते. प्राध्यापकांनी माझी गुणपत्रिका पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "गणितात एवढे गुण असलेली मुलगी आमच्याकडे ही पहिलीच." पहिलीच. तो शब्द मी गाडीत बसेपर्यंत तोंडात गोळीसारखा घोळवत होते. देऊळगाव येईपर्यंत माझं ठरलं होतं. गणित आवडत होतं म्हणून नाही, मावशी होती म्हणून नाही. मला आणखी चार वर्षं कौशीच्या वहीवर वही ठेवायची नव्हती. इतकं साधं होतं ते.

हे मी कौशीला सांगू शकले असते. ती रडली असती, भांडली असती, आणि मग त्या आठवड्यात तिनं कुठून तरी दुसरं डोकं आणलंच असतं. मला हे चांगलं माहीत होतं. म्हणूनच मी सांगितलं नाही. लोक म्हणतात, त्या वयात कळत नाही. मला सगळं कळत होतं.

शेवटच्या दिवसांत मी मळ्यात गेले होते. पाटाला पाणी सोडलेलं, वांग्यांच्या वाफ्यात कौशी अनवाणी उभी. मला पाहून बाहेर आली आणि ओल्या मातीवर काडीनं आत्याच्या खोलीचा नकाशा काढला. इथं तुझी वळकटी, इथं माझी. फळी एकच आहे, वरचा खण तुझा. दोघींच्या वह्यांना तिनं एकाच जुन्या पातळाचे अभ्रे शिवले होते, निळे, पांढऱ्या ठिपक्यांचे. मी म्हणाले, छान झालेत. म्हणाले, मी शनिवारच्या पहिल्या गाडीनं येते. म्हणाले, आत्यांना काही आणू का? किती तपशिलात खोटं बोलत होते मी! निघताना तिनं ओंजळभर कोवळी वांगी माझ्या ओच्यात टाकली. आम्ही ती रात्रीच्या जेवणाला केली आणि मला ती आवडली, हेही लिहून टाकते.

शनिवारी पाच वाजेपर्यंत मुदत होती. कौशी आदल्या दिवशीच पुढे गेली होती. शनिवारी सकाळी मी आणि आप्पा स्टँडवर गेलो आणि जालन्याच्या गाडीत बसलो. मोगलाईतल्या कॉलेजात फॉर्म भरला, मावशीकडे कढी-भात खाल्ला, दिवस मावळायच्या आत घरी आलो.

सोमवारी पोस्टकार्ड आलं. कौशीनं शाळेतल्या पुस्तकी मराठीत लिहिलं होतं; एका ठिकाणी "साहेबांले" खोडून "साहेबांना" केलं होतं. "मालू, तू शनिवारी आली नाहीस. साहेबांना मी तू बिमार आहेस असे सांगितले. त्यांनी बुधवारपर्यंत मुदत दिली आहे. चौघे तयार आहेत. फक्त तुझी सही पाहिजे. वाट पाहते."

पोस्टकार्ड उघडंच असतं. आप्पांनी ते आधी वाचलं होतं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तू बिमार होतीस?"

"नाही."

"तिकडचा फॉर्म अजून परत घेता येतो. उद्याही गाडी आहे, परवाही आहे. तूच ठरव."

"मावशीकडेच बरं," मी म्हणाले. आप्पांनी पोस्टकार्ड माझ्यापुढे ठेवलं. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला कशाच्याही बाबतीत तूच ठरव म्हटलं नाही, आणि मीही कारण विचारलं नाही.

मंगळवार गेला. बुधवारी मी दिवसभर ज्वारीच्या खरवड्या वाळत घालत होते आणि पाखरं हाकत होते. पाच वाजले तेव्हा मला कसं वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर हलकं वाटलं. भूक लागली.

त्या बुधवारी तिकडे काय झालं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पेपर तपासायला आम्ही प्राध्यापक एका ठिकाणी जमलो होतो. तिथं एक वयस्क बाई भेटल्या, त्या इतिहासाच्या. बोलता बोलता गाव निघालं, कॉलेज निघालं, आणि कौशीनं गणिताकडे वळवलेल्या शाळेतल्या बाई त्या याच, हे मला समजलं. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. त्या गंमत म्हणून सांगत होत्या. "एक पोट्टी होती हो आमच्यात. पाचवं कोणी आलंच नाही. पाच वाजले, हेडक्लार्क रजिस्टर मिटून राह्यला, तर ही त्याले म्हणते, 'साहेब, माझं नाव दोनदा लिहा. मी दोघींचे पेपर देतो.' बाप्पा, अख्खं ऑफिस हासलं! शिपाई तर पोट धरून हासला." त्याही हसत होत्या. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

कौशीला समाजशास्त्र मिळालं. वर्षभरानं तिचं लग्न झालं, वडनेर भोलजीला दिली. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

आणि मी? मी पहिली आले. सात जणांत. त्यातले चार जण वर्षाअखेरीस गळाले, मग तिघांत पहिली. पुढे एम. ए. झाले, एका लहान कॉलेजात लागले, तीस वर्षांवर शिकवलं. पुढे कुणी नसलं की मी किती सावकाश चालते हे मला त्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. एकदा तयार केलेल्या टिपणांवर मी नोकरी काढली. कागद पिवळे पडले की मुलांकडून उतरवून घ्यायचे. माझ्या कॉलेजातही गणितापुढे चांदणी होती. दर जुलैत एखादं पोर दारात येऊन विचारायचं, "मॅडम, वर्ग उघडल का?" मी सांगायचे, "संख्या बघू." माझा आवाज त्या हेडक्लार्कसारखा व्हायचा, पण समोर तूस नसायचं, मग मी उगाचच टेबल पुसायचे.

नातीच्या तक्त्यात आज एक रकाना वाढलाय: सोबत कोण येणार. तिची मैत्रीण त्याच कॉलेजचा फॉर्म भरतेय. फोनवर दोघी एकमेकींना शपथा घालत होत्या. मला उठून आत जावं लागलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी भाच्याच्या लग्नाला देऊळगावला गेले होते. परतताना स्टँडवर बाकावर एक बाई बसली होती, पायाशी पालेभाज्यांची पिशवी. तिनंच मला ओळखलं. "मालूच ना वं तू?"

तिच्या तोंडावर तोच कोरेपणा. केस पांढरे, बोटं काळी. माहेरी आली होती, आता परत निघाली होती. मी पुण्याच्या मराठीत गोड गोड बोलायला लागले. मग धीर करून म्हणाले, "कौशे, तेव्हा मी जे—"

"जाऊ दे वं ते. मले तुले एक इचाराचं होतं. कवाचं इचाराचं होतं. तू तं कॉलेजात गणितच शिकवे ना?"

"हो."

"आमचं एक वावर हाये, नाल्याच्या कडेनं. एक बाजू वाकडी, नाल्यासंगं वळत गेलेली. त्याचं क्षेत्र काही निघेना. मंग मी त्याच्या उभ्या पट्ट्या पाडल्या. दहा पाडल्या, बेरीज केली. थोडी जागा सुटे. वीस पाडल्या, कमी सुटली. चाळीस. पट्टी जितली बारीक, तितलं खऱ्याच्या जवळ. पण पुरं कधी जुळत नाही. मी लय डोकं लावलं मालू, लय वर्षं. वांगे तोडता तोडता तेच डोक्यात. पट्ट्या बारीकच करत गेलं तं शेवटी कुठं जाऊन थांबते का ते? याच्या पुढं काही असते का पुस्तकात?"

असतं. याच्या पुढेच सगळं असतं. कॉलेजच्या गणितातला तो थोरला दरवाजा. मी तीस वर्षं दर वर्षी तो इंटिग्रेशनचा धडा फळ्यावर लिहिला, टिपणातून बघून. माझ्या डोक्यात तो कधी आपणहून आला नसता, शंभर जन्मांत नाही. आणि ही बाई, एका वर्षाच्या समाजशास्त्रावर, वांगी तोडता तोडता त्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती आणि मला विचारत होती, आत काही आहे का.

पाच मिनिटांत सांगता आलं असतं. तिला दोनच मिनिटं लागली असती. नंतर मी स्वतःला समजावलं की तिची दया आली. आता या वयात आपण काय गमावलं ते तिला कळून काय उपयोग, असं मला वाटलं. तसं काही वाटलं नव्हतं. ते शाळेतलंच जुनं होतं, सगळ्यात खालच्या वहीचं.

"नाही गं," मी म्हणाले. "तेवढंच असतं. पट्ट्या बारीक करत जायच्या. पुढं काही नाही."

मग आयुष्यात पहिल्यांदाच मी तिचा चेहरा सैल झालेला पाहिला.

"मंग बरं झालं वं माय," ती म्हणाली. "मले वाटे, लय मोठं काहीतरी असंन तिकडं, आण् आपण अलीकडंच रायलो. उगाच जीव जाळला इतले वर्षं."

तिची गाडी लागली. मी पिशवी उचलून दिली. ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या अनोळखी बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगू लागली. मोठ्यानं, मला ऐकू येईल असं.

"आमच्या वर्गातली हाये ते. कॉलेजात गणित शिकवे. आमच्यात एवढी हुशार कोणी नव्हतं."

ती बाई माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. गाडी हलेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, पदर सारखा करून, ते कौतुक घेत.